प्रवेशाची फाइल नववीत उघडा

ठाण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात मी बावीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी प्रवेशाच्या खिडकीवर गेली. आता कोपरखैरण्याला घरीच असते, पण मे महिना लागला की आसपासची मंडळी प्लास्टिकचं फोल्डर काखोटीला मारून दारात उभी. टक्के किती पडले ते मी नंतर विचारते. आधी म्हणते, ‘मुलाचा आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवा बघू.’ टक्के कमी असले तरी कुठे ना कुठे सोय लागते. या दोन कागदांवरची नावं जुळली नाहीत तर मात्र त्या घराचा अख्खा जून सेतू केंद्राच्या बाकड्यावर जातो.

ज्यांच्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजला निघालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना सगळं माहीत आहे त्यांनी मधलं वगळून पसंतीक्रमाचा भाग तेवढा वाचावा. तिथे माहितगारही चुकतात.

नववी : नाव, आईचं नाव, जन्मगाव

नववीच्या पहिल्या सहामाहीत एक दिवस शाळेच्या ऑफिसात जा आणि जनरल रजिस्टरमध्ये तुमच्या मुलाची नोंद कशी आहे ते पाहून या. क्लार्क कुरकुर करतील. करू द्या, तुम्ही गोड बोला. त्या रजिस्टरवरून पुढे शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपली एलसी, तयार होते आणि ती जन्मभर पाठ सोडत नाही.

काय पाहायचं? मुलाचं, वडिलांचं, आडनावाचं स्पेलिंग. आईचं नाव: लग्नाआधीचं की नंतरचं, ‘बाई’ लावून की न लावता. जन्मतारीख. आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते जन्मस्थळ.

एका मुलीच्या एलसीवर जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं ‘कोरेगाव’ होतं. तालुका नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. वडील म्हणाले, ‘मॅडम, साताऱ्याचं कोरेगाव, सगळ्यांना ठाऊक आहे.’ मलाही ठाऊक होतं. पण इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत मूल महाराष्ट्रात जन्मलेलं आहे किंवा इथलं अधिवासी आहे हे कागदावर दाखवावं लागतं. छाननी करणारा माणूस नकाशा उघडून बसत नाही. त्या मुलीला ऐन वेळी डोमिसाइलच्या, म्हणजे अधिवास दाखल्याच्या, मागे पळावं लागलं. रकान्यात गाव, तालुका, जिल्हा, राज्य असं चारही असलं आणि राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ असलं की बरेच प्रश्न सुटतात.

चूक सापडली तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे जन्मदाखल्यासह अर्ज द्या. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते. दहावीला बोर्डाचा फॉर्म भरला की शाळेत प्री-लिस्ट येते. त्यावर मुलं डोळे झाकून सही करतात. त्या दिवशी मुलाला सांगून पाठवा की स्पेलिंग अक्षर अक्षर लावून वाच. त्याच यादीवरून मार्कशीट छापलं जातं.

आणि हो, चित्रकलेचा हात असेल तर इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा देऊन टाकायला लावा. दहावीच्या निकालात त्याचे वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव मात्र शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. खेळाडूंचंही तसंच, प्रमाणपत्र कपाटात ठेवून गुण येत नाहीत.

दहावीची दिवाळी : दाखले

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर फराळासोबत कागदांची यादीही बांधून घ्या. का ते सांगते.

जातीचा दाखला तुम्ही आज जिथे राहता तिथला लागत नाही. तुमचं घराणं ठरावीक तारखेला जिथे राहत होतं तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडून तो मिळतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि ओबीसी-एसबीसींसाठी (एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७. आमच्या घणसोली-कोपरखैरण्यातली निम्मी माथाडी कुटुंबं जावळी, पाटण, कोरेगावकडची. म्हणजे दाखला साताऱ्याचा. तीस वर्षं इथलं लाइट बिल भरलं तरी साताऱ्याचाच.

त्यासाठी पुरावा लागतो तो आजोबा-पणजोबांचा. गावच्या मराठी शाळेत आजोबा दोन इयत्ता जरी शिकले असतील तर तिथल्या रजिस्टरचा उतारा मिळतो, त्यावर जात लिहिलेली असते. शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेखात जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे कोतवाल बुक. जुने फेरफार, खरेदीखतं. हे शोधायला दोन-तीन खेपा पडतात आणि गावातला एखादा चुलता मदतीला लागतो. म्हणून दिवाळी.

यापुढची पायरी व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल अशा व्यावसायिक प्रवेशात राखीव जागा हवी तर ती लागते, नाहीतर मुलाला खुल्या प्रवर्गात धरतात. ज्या जिल्ह्यात दाखला निघाला त्याच जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज जातो. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच ऑनलाइन अर्ज भरता येतो, त्याला कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र जोडतात. अकरावीला प्रवेश झाला की पहिल्याच सहामाहीत हे काम हातावेगळं करा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल, चुलत भाऊ, आत्या, कुणीही, तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. काम खूप सोपं होतं. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तर ते यासाठी सुरू करा. मी अशी दोन घरं एकत्र आलेली पाहिली आहेत.

बाकीचे दाखले राहत्या ठिकाणाहून, ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतूतून. इथे नवी मुंबईकरांची नेहमी एक गफलत होते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल यांच्या पत्त्यात नवी मुंबई लिहितात, पण ते रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहेत. पोर्टलवर जिल्हा चुकला की अर्ज आठवडाभर पडून राहतो आणि मग परत येतो.

दाखले दोन जातींचे असतात असं मी लोकांना सांगते: शिळे न होणारे आणि शिळे होणारे. डोमिसाइल आणि जातीचा दाखला एकदा काढला की काढला, ते दिवाळीत उरका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत बसतं असं सांगणारा), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा) हे आर्थिक वर्षाशी बांधलेले. दिवाळीत घाईने काढलेला उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो आणि जूनमध्ये कामाचा राहत नाही. हे एप्रिल उजाडला की काढायचे. नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांपर्यंतचंही मिळू शकतं, त्यावर ‘३१ मार्च’च्या पुढे कोणतं साल छापलंय ते काउंटरवरच वाचा. एससी-एसटींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. ओबीसी, विमुक्त-भटक्या, एसबीसी, एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) या सगळ्यांना लागतं.

जेईई, नीटसारख्या देशपातळीवरच्या परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातला वेगळा ओबीसी दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. एसईबीसी तर केंद्राच्या यादीतच नाही. सेतूवाल्याला ‘सेंट्रलचा’ असं स्पष्ट सांगा.

एखाद्या वर्षी सरकार अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन दाखल्याला मुदतवाढ देतं. त्या भरवशावर बसू नका. मुदत संपली की खिडकीवर आमच्याच माथी खापर फुटतं, आणि आमच्या हातात काही नसतं.

शाखा : कोणतं दार कुठे बंद होतं

यावर ढीगभर सल्ले मिळतात, मी थोडक्यात सांगते. अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर बंद. बायोलॉजी सोडलं की एमबीबीएस बंद. दोन्ही ठेवलं तर सगळं उघडं, पण मूल दमतं. फार्मसीला गणित किंवा बायोलॉजी, काहीही चालतं. कुठलंच ठरत नसेल तर पहिल्या सहामाहीपुरतं दोन्ही ठेवा.

बायफोकलचा विचार जरूर करा. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असा २०० गुणांचा विषय मिळतो. जागा कमी असतात, फी थोडी जास्त, अर्ज वेगळा.

कॉमर्सवाल्यांना वाटतं की आपल्याला सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, भानगड नाही. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीएलाही राज्याची सीईटी आली आहे. कॉलेजांनी कोर्सची नावं बदलून सीईटीतून वाट काढल्याचंही दिसतं, तेव्हा नेमका कोणता कोर्स आणि प्रवेश कशावर हे कॉलेजात जाऊनच विचारा. आर्ट्सच्या मुलांना पाच वर्षांचा लॉ आहे, त्याची सीईटी वेगळी. डिझाइनची आवड असेल तर निफ्ट, म्हणजे फॅशन शिकवणारी केंद्राची संस्था, आपल्या खारघरलाच आहे. त्याचे फॉर्म बारावीच्या परीक्षेआधीच सुटतात आणि तेव्हा घरात कुणाचं लक्ष नसतं.

डिप्लोमाला नाकं मुरडू नका. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक आणि मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ज्याचे हात चालतात आणि पाठांतराचा कंटाळा आहे अशा मुलाला हा रस्ता बारावी-सीईटीपेक्षा मानवतो. निम्मी आई-बापं हा पर्याय ऐकूनच घेत नाहीत.

अकरावीचा ऑनलाइन अर्ज आणि पसंतीक्रम

पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरी भागांपुरता ऑनलाइन प्रवेश होता, २०२५-२६ पासून तो राज्यभर झाला. अर्जाचे दोन भाग. पहिल्यात मुलाची माहिती, आरक्षण, कागद. दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम: कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. पहिला भाग एखाद्या वर्षी निकालाआधीच भरून ठेवता येतो. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला, म्हणजे हाताशी वेळ किती कमी असतो बघा. राज्य मंडळाच्या मुलांचे गुण आपोआप येतात. सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांनी आपलं मार्कशीट नीट स्कॅन करून चढवायचं.

मुख्य नियम एकच, तो पाठ करा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं तर घ्या किंवा पुढच्या फेरीची वाट पाहा.

आता माझ्या भाचीची गोष्ट. ती घणसोलीला राहते. तिने मैत्रिणींच्या नादाने दहाच्या दहा नामांकित कॉलेजं भरली होती, पाच तर मुंबईतली. मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवलं, कॅलेंडरची मागची पानं फाडून दहा चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायला लावल्या: गेल्या वर्षीचा तिच्या प्रवर्गाचा शेवटच्या फेरीचा कट-ऑफ, घरच्या दारापासून कॉलेजच्या दारापर्यंत लागणारी मिनिटं, आणि फी. अनुदानित तुकडी की विनाअनुदानित, हेही. एकाच कॉलेजात दोन्ही असतात, फीमध्ये मोठा फरक पडतो आणि अर्जात त्यांचे कोड वेगळे असतात.

मिनिटांच्या रकान्यावर ती अडली. ‘मावशी, ट्रेनने पंचवीस मिनिटं.’ म्हटलं, घणसोलीहून नेरूळला जायचं तर पनवेलची गाडी थेट आहे, वाशीची पकडलीस तर मध्ये बदलावी लागेल. दोन्ही गाड्यांच्या वेळा लिही. सकाळी सातचं कॉलेज असेल तर घरातून किती वाजता निघशील ते लिही. ठाण्यात स्टेशनला उतरून कॉलेजपर्यंतची रिक्षाची रांग लिही. घोडबंदरला राहणाऱ्या मुलांनी तर जुलैतल्या पावसाचा हिशेब धरावा, एप्रिलमधला रिकामा रस्ता पाहून ठरवू नये.

चिठ्ठ्या भरल्यावर तिने स्वतःच दोन फाडून टाकल्या. मग आम्ही वर दोन अशा ठेवल्या जिथे तिचे गुण किंचित कमी पडत होते, मध्ये चार जिथे बरोबर बसत होते, खाली दोन अशा की लागणारच. सगळी अशी की लागली तर ती खरोखर जाईल. आठच भरली. दहा भरायलाच हवीत असा नियम नाही. दुसऱ्या फेरीत तिला तिसरं लागलं, चालत बारा मिनिटांवरचं.

कोट्याचंही पाहून ठेवा. शाळेचंच ज्युनिअर कॉलेज असेल तर १० टक्के इनहाउस, ५ टक्के व्यवस्थापन, अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के अल्पसंख्याक जागा. त्याचे अर्ज नियमित फेऱ्यांच्या आधी सुरू होतात. व्यवस्थापन कोट्यातून ‘सीट करून देतो’ म्हणणारा कुणी पावतीशिवाय पैसे मागत असेल तर उठून या.

‘इंटिग्रेटेड’बद्दल

इंटिग्रेटेड म्हणजे क्लास आणि कॉलेज एकत्र. क्लासवाले सांगतात की कॉलेजला यायची गरज नाही, हजेरी आम्ही बघतो. कागदावर ७५ टक्के हजेरी लागतेच, ती कशी ‘बघतात’ हा त्यांचा प्रश्न म्हणून लोक सोडून देतात. माझा आक्षेप वेगळा आहे. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलला अशी मुलं यायची की ज्यांनी दोन वर्षांत ब्युरेट हातात धरलेलं नसायचं. एका हाताने फ्लास्क हलवत दुसऱ्या हाताने नळ थेंब थेंब सोडायचा, गुलाबी रंग आला की थांबायचं. एवढं करताना हात थरथरायचे आणि फ्लास्कमध्ये गडद गुलाबी सरबत व्हायचं. मुलगा हुशार, हजारो प्रश्न सोडवलेला. हे मला कधीच पटलं नाही. क्लास लावा, पण लॅब असलेलं आणि लॅब उघडी ठेवणारं कॉलेज पाहा. जुन्या विद्यार्थ्याला विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

अकरावी-बारावी : परीक्षा

राज्याची एमएचटी-सीईटी २०० गुणांची. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवरचे असतात. ‘अकरावी म्हणजे आराम’ म्हणणाऱ्यांचे तिथेच हात पोळतात. परीक्षा कॉम्प्युटरवर होते आणि घरी मोबाइलवरच सराव केलेली मुलं माऊस धरून गोंधळतात. शेजाऱ्यांचा लॅपटॉप दोन रविवार मागून आणा.

बारावीलाही विसरायचं नाही. इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के लागतात. जेईईतून एनआयटी-आयआयटीला जायचं तर बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे, एससी, एसटी आणि दिव्यांगांना त्यात सवलत. नीट मात्र ७२० गुणांची, १८० प्रश्न, चुकलं की एक गुण कापला जातो. तिथे सीईटीसारखे अंदाजपंचे ठोकून चालत नाही.

ज्यांना साधं बीएस्सी, बीकॉम, बीए करायचं आहे त्यांची एक चूक दरवर्षी ठरलेली. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करतात आणि समजतात की झाला अर्ज. तो झालेला नसतो. नोंदणीचा फॉर्म घेऊन प्रत्येक कॉलेजात वेगळा अर्ज करावा लागतो, प्रत्येकाची गुणवत्ता यादी वेगळी लागते.

फी

व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी ऐकून घाबरू नका, आधी दोन गोष्टी पाहा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शासनाची फी सवलत आहे, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ही माफी लागू नाही. आपल्याकडे मोठमोठ्या इमारती पाहून लोक ‘कॉलेज’ म्हणून शिरतात आणि ते अभिमत विद्यापीठ निघतं, तेव्हा दारावरची पाटी पूर्ण वाचा. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर, त्यासाठी मुलीच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं बारावीतच उघडून ठेवा.

फाइल

मूळ कागदांची एक फाइल, ती घराबाहेर फक्त छाननीला जाईल. झेरॉक्सचे तीन संच वेगळे. सगळ्याचे स्कॅन मुलाच्या ईमेलवर, आणि तो ईमेल ‘कूल बॉय’ वगैरे नावाचा नको, नवीन काढा. पासवर्ड फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहा.

फॉर्ममध्ये मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा यावर मात्र घरात आधी बोला. आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊ एपीएमसीत भाजी मार्केटला आहेत, रात्री बाराला निघतात. नंबर त्यांचा दिलेला. पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या संध्याकाळी पोरगा माझ्याकडे बसून फॉर्म भरत होता, साइट रडतरखडत चालत होती, आणि लॉगिनचा ओटीपी गेला तो गावाला देवकार्याला गेलेल्या बापाच्या मोबाइलवर. तिथे रेंज नाही. शेवटी चुलत्याला मोटरसायकलवरून टेकडीवर पाठवलं, त्याने तिथून आकडे वाचून दाखवले, आम्ही टाकेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. दुसरा मागवला. चुलता टेकडीवरच थांबला होता म्हणून जमलं. नंबर आईचा द्या, ती घरी असते.